सहा पॉइंट चार, काळ्या अक्षरात

रंगारी म्हणजे भिंती रंगवणारा नव्हे, वेबसाइटची पानं रंगवणारा. ऑफिसात माणसं तीन: मालक, पानांचा सांगाडा उभा करणारी एक अबोल बाई, आणि हा. सांगाड्यावर कातडी चढवायची, कुठलं अक्षर केवढं, कुठला चौकोन कुठल्या रंगाचा, हे ज्या फाईलमध्ये लिहितात ती फाईल ह्याच्या ताब्यात. म्हणून मालकाने नाव पाडलं रंगारी. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं ते तिथेच राहिलं.

ह्या कामात अर्धी अक्कल रंगात लागते आणि अर्धी हाक मारण्यात. पानावर शेकडो वस्तू असतात. ओळी, बटणं, चौकटी, आकडे. त्यातल्या नेमक्या कुणी रंग बदलायचा हे फाईलला हाक मारून सांगावं लागतं. त्या हाकेला धंद्यात सिलेक्टर म्हणतात. एखाद्या बाईने खिडकीतून नुसतं 'अहो' म्हणून ओरडलं तर गल्लीतले सगळे नवरे मान वर करतात. 'अहो, तिसऱ्या मजल्यावरचे' म्हटलं तर एकच करतो. नवीन शिकणाऱ्यांना रंगारी हाच विनोद सांगायचा आणि पोरं हसायची. पंधरा वर्षं तो हे सांगत होता. आणि पंधरा वर्षांनी एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं कमी असताना, त्याने स्वतः नुसतं 'अहो' म्हणून ओरडून ठेवलं.

झालं ते असं. मालक खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "लॅबवाल्या मॅडमचा फोन होता. पहिल्या पानावर 'रविवारी बंद' म्हणून लाल ओळ आहे ना, ती बोचतेय त्यांना. म्हणे रक्ताच्या लॅबवर वर तोंडालाच लाल अक्षरं, माणसं दचकतात. जरा सौम्य करून टाक."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी. आत्ताच रे बाबा. दोन मिनिटांचं काम."

ही लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासून देणारी जागा. माणसं सकाळी उपाशीपोटी येऊन रक्त देतात आणि दुसऱ्या दिवशी घरबसल्या मोबाइलवर रिपोर्ट बघतात. वेबसाइट ह्यांच्याच ऑफिसने केलेली, पण रंगाऱ्याच्या आधीच्या माणसाने. रंगाऱ्याने त्या बोचऱ्या ओळीवर जाऊन बघितलं. तिच्या अंगावर आधीच्या माणसाने बिल्ला लावला होता: 'लाल'. ह्याने फाईलच्या तळाशी लिहिलं, लाल बिल्ल्यावाल्यांनो, काळे व्हा. ओळ काही हलेना. जुना नियम अडून बसला होता. तेव्हा ह्याने शेवटी 'इम्पॉर्टंट' हा शब्द ठोकला. तो शब्द लावला की बाकी कुणाचं काही चालत नाही, दांडगाईच ती. ओळ मुकाट्याने काळी झाली. ह्याने फाईल चढवली, 'झालं' म्हणून सांगितलं आणि डबा उघडला.

रिपोर्टचं पान त्याने उघडून बघितलं नाही. ते पान पेशंटचा नंबर आणि पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही, आणि एका पेशंटचा नंबर-पासवर्ड त्याला पाठ होता. स्वतःच्या मावशीचा. अर्धं मिनिट लागलं असतं. पुढे कित्येक दिवस तो त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब स्वतःशी मांडत राहिला, आणि दर वेळी हिशेब तिथेच येऊन थांबायचा: भूक लागली होती. बस, एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

कारण रिपोर्टमधला जो आकडा हद्दीबाहेर जातो, त्याच्या अंगावरही तोच बिल्ला असायचा. लॅबमधली बाई आकडे भरताना बिघडलेल्या आकड्यापुढच्या चौकोनात खूण करायची, की त्याला 'लाल' चिकटायचा. गुरुवारी जेवायच्या वेळेपासून त्या लॅबच्या एकाही रिपोर्टात एकही आकडा लाल दिसेनासा झाला. किडनी बिघडलेली असो की साखर चढलेली, सगळे आकडे एकसारखे, काळ्या रंगाचे, शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

मावशीने त्याला वाढवलेलं. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. मावशीने आपल्या पोराशेजारी ह्याचंही ताट मांडलं आणि त्याबद्दल पुढे आयुष्यात एक शब्द काढला नाही. मारलंही दोघांना सारखंच. आता तिची किडनी अर्धीच काम करायची. दर महिन्याला रक्त द्यावं लागे, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयच अडखळतं. केळी, संत्री, टोमॅटो, सगळ्यावर बंदी.

"मला तुझे ते आकडे कळत नाहीत," ती म्हणायची. "पॉइंटच्या अलीकडे काय नि पलीकडे काय. रंग कळतो."

"मग रंगच बघ. लाल दिसलं तर मला फोन कर. लाल नसेल तर पाय पसरून झोप."

हे त्यानेच शिकवलेलं. आणि शिष्या अशी, की एकदा शिकली की विसरायची नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "ठोंब्या, एकसुद्धा लाल नाही! वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्मा लावून बघितलं. दादाला दाखवलं."

"काय सांगतेस! मावशी पास झाली."

"केळं खाऊ का रे? चार महिने झाले केळ्याचं तोंड बघून."

"खा एक."

"दोन खाते."

"दोन खा गं. लाल नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

"मग खा. विचारतेस कशाला?"

दादा म्हणजे मावशीचा मुलगा, ह्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याने रिपोर्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आई पास. पेढे नाहीत, केळी आहेत.' रंगाऱ्याने त्यावर हसणारा चेहरा पाठवला.

सोमवारी सकाळी मावशी मोरीच्या दारात पडली. दादाने तिला उचलून गाडीत घातलं आणि ह्याला फोन केला. हा पोहोचला तोवर तिला आत घेतलं होतं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की ठोके मिनिटाला तिसावर आलेत, औषधं चालू केली आहेत, पोटॅशियमचा संशय आहे. ह्यांचा शेवटचा रिपोर्ट आहे का?

रंगाऱ्याने मोबाइलवर उघडला. डॉक्टरच्या हातात द्यायच्या आधी त्याने स्वतः बघितलं. पोटॅशियम, सहा पॉइंट चार. शेजारी बारीक अक्षरात हद्द: साडेतीन ते पाच पॉइंट एक. आणि आकडा काळा. वर सोडियम काळा, खाली कॅल्शियम काळा, मध्ये हा त्यांच्यात मिसळून गुमान बसलेला.

त्याच क्षणी त्याला कळलं. विचार करावा लागला नाही. आपलं अक्षर माणूस कुठेही ओळखतो.

डॉक्टर म्हणाला, "सहा पॉइंट चार? हे शनिवारी आलंय? मग कुणी काहीच केलं नाही?"

"लाल नव्हतं ना डॉक्टर," दादा म्हणाला. "बिघडलं की लाल येतं. नव्हतं आलेलं."

डॉक्टरने दोघांकडे अशा नजरेने पाहिलं, की दोघेही त्याला एकाच माळेचे मणी वाटले असावेत. तो आत गेला.

पाण्याच्या मशीनजवळच्या बाकावर बसून रंगाऱ्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. मावशी आत, दादा काचेच्या दाराला नाक लावून उभा, आणि हा आपला फाईल उघडतोय. त्या गुरुवारची ओळ तिथेच होती. त्याने हाकेच्या आधी पत्ता जोडला: पानाच्या माथ्यावरची पट्टी, आणि त्या पट्टीतलीच लाल. एवढा फरक. चार-पाच अक्षरं. चढवली, रिपोर्ट पुन्हा उघडला. सहा पॉइंट चार लालभडक.

आणि त्याला हायसं वाटलं. खोटं कशाला, वाटलं. छातीवरचा धोंडा सरकला. मावशीच्या छातीला वायरी लावलेल्या असताना ह्याच्या छातीवरचा धोंडा सरकला.

त्यांच्या ऑफिसची कामाची रीत अशी होती की नवी फाईल जुनीच्या डोक्यावर बसवायची. जुनीची प्रत कोण ठेवतो? जागा खाते. गुरुवारची फाईल आता जगात कुठेच नव्हती. तो एकटा सोडून कुणाला काही कळण्याची सोय उरली नव्हती. चूक दुरुस्त झाली, मावशी वाचेल, विषय संपला, असं त्याने स्वतःला बजावलं. चूक गुपचूप दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं, आपण निम्मं फेडलं. फेडलेलं काही नसतं. त्याने फक्त माग पुसलेला असतो.

मावशी वाचली. मंगळवारी डोळे उघडून बोलू लागली, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. त्याच दिवशी दुपारी दादाने वॉर्डाबाहेर ह्याला बाजूला ओढलं. दोन्ही हातांत दोन मोबाइल, एक स्वतःचा, एक आईचा.

"हे बघ. शनिवारचा माझा फोटो. काळा. आणि हे बघ, आत्ता उघडलंय. लाल!"

रंगाऱ्याने दोन्ही मोबाइल बघितले.

"कळलं का काय झालं ते? आकडे भरणाऱ्याकडून लाल करायचं राहून गेलं. आई पडल्याचं कळलं, इथून फोन गेला ना त्यांना, तसं मागून येऊन लाल करून ठेवलं. म्हणजे आम्ही म्हणायचं, अरे, आम्हालाच दिसलं नाही! चोर साले."

"दादा, तसंच असेल असं नाही..."

"मग कसं असेल? आकडा आपोआप लाल झाला? लाजला? उद्या माझ्याबरोबर चल. तू ह्यातला माणूस आहेस. मला हे लोक गुंडाळतील, तुला नाही गुंडाळणार. त्यांची चोरी तूच पकड."

रंगाऱ्याच्या मनात आलं, आत्ताच सांगावं. तोंड उघडलंही. पण दादाच्या हातावर ग्रीसचे काळे डाग होते, दोन दिवसांत त्याने अंगावरचे कपडे बदलले नव्हते, आणि तो इतक्या विश्वासाने बोलत होता की रंगाऱ्याने ते परत मिटलं. तो म्हणाला, "येतो."

लॅबची खोली लहान होती. काउंटर, त्यामागे नळ्यांचे रॅक, थंड पेटीची घरघर, आणि कोपऱ्यात एक टेबल. त्या टेबलाशी बसणाऱ्या बाईला सगळे आकडेताई म्हणत. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, बोटांना शाई. मशीनमधून निघालेल्या कागदावरचा एकेक आकडा ती आधी पेनाने गोल करायची, मग कॉम्प्युटरमध्ये भरायची. एकोणीस वर्षं हेच काम. लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या.

दादाने दोन्ही मोबाइल काउंटरवर आपटले. "हा शनिवारचा. हा कालचा. सांगा आता."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बघितले, वळून म्हणाल्या, "ताई?"

"मी खूण केली होती," आकडेताई म्हणाली. "शुक्रवारीच. आणि ह्यांच्या घरी दोनदा फोन लावला. उचलला नाही. शनिवारी परत लावणार होते, तर रिपोर्ट उघडून बघितल्याची खूण आली. म्हटलं, लाल बघितलंय, जातील डॉक्टरकडे."

"लाल होतंच कुठे?" दादा ओरडला. "हा फोटो खोटं बोलतो का?"

"फोटोचं मला माहीत नाही. मी खूण केली होती."

"आणि मग मागून केली ती कुणी? भुताने?"

आकडेताईचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. "एकोणीस वर्षांत मी एक आकडा मागून हलवलेला नाही. चूक झाली तर चूक झाली म्हणून सही करते. मॅडमना विचारा."

डॉक्टरीणबाई मॅडमसारख्या बोलल्या. "ताई, खूण राहिली असेल तर मी समजू शकते. माणूस आहे. पण नंतर रेकॉर्डला हात लावला असेल, तर मी तुम्हाला ह्या टेबलावर बसू देऊ शकत नाही. हे मला लपवता येणार नाही." मग त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही वेबसाइटवालेच ना? आणि पेशंटचे नातेवाईक. बरं झालं. तुम्हीच सांगा. पानात काही गडबड होती का? की आमच्याकडून भरण्यात?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आकडेताईनेही. तिच्या नजरेत संशय नव्हता, आशा होती. हा माणूस यंत्र जाणतो, हा सांगेल की मी केली होती.

"तपासावं लागेल," रंगारी म्हणाला.

"किती वेळ?"

"उद्यापर्यंत लेखी देतो."

"तोवर तुम्ही घरी थांबा, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आकडेताईने पेनाला टोपण लावलं. गोल केलेल्या कागदांचा गठ्ठा सरळ केला, दोन्ही बाजूंनी टेबलावर ठोकून. दारातून जाताना रंगाऱ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "नीट बघा हं. घाई करू नका. मी खूण केली होती."

बाहेर दादा म्हणाला, "बघितलंस, चोरी पकडली तर कशी पांढरी पडली? आता सोडू नकोस तिला."

रंगारी ऑफिसात गेला आणि मालकाला सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसला असता तर सांगवलं नसतं. मालकाने ऐकून घेतलं, उठून दार लोटलं.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"शहाणा आहेस. आता ऐक. लिहायचं, 'आमच्या बाजूने तपासणी केली असता तांत्रिक दोष आढळला नाही.' आता आढळतोय का? नाही. मग खोटं काय त्यात?"

"सर, ती बाई घरी बसलीय. तिच्यावर खोडाखोडीचा आळ आलाय. कुठलीच लॅब तिला आकड्यांना हात लावू देणार नाही ह्यापुढे."

"वाईट वाटतं मलाही. पण हे बघ, औषध द्यायचं डॉक्टरने, रक्त तपासायचं लॅबने. आपण काय करतो? आपण फक्त रंग लावतो. रंगाने कुणी मरतं का?"

रंगाऱ्याने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस दुष्ट नव्हता. पोरांच्या आजारपणात सुट्टी द्यायचा, वाढदिवसाला केक आणायचा. आणि असली वाक्यं दुष्ट माणसं बोलतच नाहीत, हीच तर भानगड आहे. ती चांगल्या कपड्यांतली, केक आणणारी माणसं बोलतात, आणि बाकीची माना डोलावतात. रंगारीसुद्धा पंधरा वर्षं डोलावत आलेला. 'आपण फक्त रंग लावतो' हे वाक्य त्यानेही कितीदा म्हटलं होतं, हसत, पार्टीत.

"मावशी मरता मरता वाचली," तो म्हणाला.

"वाचली ना? मग?"

संध्याकाळी भेटीच्या वेळेला तो वॉर्डात गेला. मावशी उशीला टेकून बसली होती, हाताला सुई, ओठ सुकलेले. दादा खाली औषधं आणायला गेलेला.

"मावशी, तो आकडा लाल होता. मी काळा केला."

मावशीला आधी कळेना. मग त्याने तिला गल्लीतल्या नवऱ्यांचा विनोद सांगितला. तोच सांगता येत होता. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

मावशीने उशीवरून पाठ उचलली. "म्हणजे मी तुला विचारलं, केळं खाऊ का, तेव्हा..."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. शप्पथ."

"आणि कधी कळलं?"

"सोमवारी. इथेच. तुला आत नेलं तेव्हा."

"आज बुधवार."

"हो."

"सोमवार, मंगळवार, बुधवार," मावशीने सुई नसलेल्या हाताच्या बोटांवर मोजलं. "आणि दादा सांगत होता, कुणा बाईला घरी बसवलं. तू तिथे होतास म्हणे."

"होतो."

"काय बोललास?"

"तपासावं लागेल म्हटलं."

मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला वाटलं ती रडतेय. रडत नव्हती. तिकडे बघतच बोलली, आवाज बारीक पण धार होती. "मला काय सांगायला आलास? मी माफ म्हणावं म्हणून? मी म्हणेन. मी तुझी मावशी आहे, मला म्हणावंच लागेल, मी मेले असते तरी वरून म्हटलं असतं. म्हणून तर आधी माझ्याकडे आलास, लबाडा. सोप्या दारावर आधी टकटक केलीस. ती बाई घरात काय करत असेल आत्ता?"

तो स्टुलावरून उठला.

"जा. आणि दादाला तू सांग, मी नाही सांगणार. मार खाशील, तो खा."

जिन्यात दादा औषधांची पिशवी घेऊन वर येत होता. रंगाऱ्याने तिथेच सांगितलं. दादाने मारलं नाही. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, एक पायरी खाली उतरला, परत वर आला. "म्हणजे काल मी तिला चोर म्हटलं," तो म्हणाला. "नाही, आज. आज सकाळी. तुझ्यासमोर. आणि तू माझ्या शेजारी उभा होतास." मग तो वर निघून गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी रंगाऱ्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून आकडेताईंना बोलावून घ्यायला सांगितलं. कागद त्याने घरी लिहिला होता, ऑफिसच्या कागदावर नव्हे, साध्या. त्यात तारीख होती, वेळ होती, ती जुनी ओळ जशीच्या तशी होती आणि नवी ओळ. शेवटी लिहिलं होतं: खूण शुक्रवारीच झालेली होती, ती न दिसण्याला आणि सोमवारी दिसू लागण्याला मी एकटा जबाबदार आहे. खाली सही. मालकाला त्याने निरोप पाठवला होता. मालकाचं उत्तर आलं होतं, 'मग इकडे येऊ नकोस.' ते त्याने वाचून खिशात ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि आकडेताईकडे दिला. तिने पेन काढलं. सवयीने असेल, वाचता वाचता तारखा गोल करत गेली. पहिला गुरुवार गोल. सोमवार गोल. कालचा बुधवार गोल.

"काल तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला म्हटलं, घाई करू नका."

"हो."

"रात्रभर मी स्वतःला विचारत होते. खरंच केली होती ना खूण? की वय झालं? नवरा म्हणाला, असेल राहिली, एवढं काय. घरातल्यांनीसुद्धा धरून चाललं हो, की राहिली असेल. मीही पहाटेपर्यंत धरून चालले होते." तिने कागद टेबलावर ठेवला. "माझ्या हातावरचा माझाच विश्वास गेला एका रात्रीत. तो कुठल्या फाईलमधून परत चढवणार तुम्ही?"

डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या, "ताई, मी तुमची माफी मागते. तुम्ही आत्तापासून..."

"थांबा मॅडम. माफीचं नंतर." आकडेताईची नजर परत कागदावर गेली होती. "गुरुवार ते सोमवार. बारा दिवस. म्हणजे ह्या मावशी एकट्याच नाहीत."

हे रंगाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चार दिवस तो आपल्या पापात इतका बुडालेला होता, की त्या पापात आणखी कोण कोण बुडतंय हे त्याने मान वर करून बघितलंच नव्हतं. मावशी, ताई, दादा, मी. त्याचं जग तिथे संपलं होतं.

आकडेताई टेबलाशी जाऊन बसली. मशीनच्या कागदांचे गठ्ठे खाली काढले आणि पेनाचे गोल बघत भराभर उलटत नावं-नंबर उतरवू लागली. दहा-बारा मिनिटांनी म्हणाली, "त्रेचाळीस. बहुतेक किरकोळ आहेत. नऊ जणांना आजच्या आज डॉक्टर गाठायला हवा." तिने त्या नऊ नावांची यादी दोन तुकड्यांत फाडली. एक स्वतःपुढे ठेवला. दुसरा तुकडा हात लांब करून रंगाऱ्यापुढे धरला. काउंटरवरचा फोन त्याच्याकडे सरकवला.

"मी करू?" रंगारी म्हणाला. "मी डॉक्टर नाही. काय सांगू?"

"जे झालं ते. आकडा वाचा, हद्द वाचा, आज डॉक्टरकडे जा म्हणा. का दिसला नाही तेही सांगा. माझ्या नावावर ढकलू नका."

पहिला नंबर लागला. तिकडे कुणी म्हातारे गृहस्थ होते, मागे रेडिओ चालू. रंगाऱ्याने लॅबचं नाव सांगितलं, आकडा वाचला, हद्द वाचली. दोनदा वाचावं लागलं.

"पण रिपोर्ट मी बघितलाय की," म्हातारबुवा म्हणाले. "सगळं छान होतं. मुलाला पण तसं कळवलं मी."

"छान नव्हतं, आजोबा. छान दिसत होतं. तो आकडा लाल दिसायला हवा होता. माझ्या चुकीने दिसला नाही."

तिकडे रेडिओ बंद झाला. "तुम्ही कोण? तिथले डॉक्टर का?"

"नाही. वेबसाइटचं काम करणारा."

"मग तुम्हाला काय माहीत, मला काय झालंय?"

"मला नाही माहीत. म्हणून तर आज डॉक्टरकडे जा म्हणतोय. घरी कुणी आहे का बरोबर यायला?"

"कुणी नाही." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आठ दिवस झाले हो त्याला. आठ दिवस मी निवांत होतो."

रंगाऱ्याला वाटलं, फोन ठेवावा. त्याने ठेवला नाही. पत्ता विचारला, नावापुढे लिहून घेतला, म्हणाला, "मी येतो न्यायला. तासाभरात. आधी मला आणखी चार फोन करायचेत."

"या," म्हातारबुवा म्हणाले. "पण आल्यावर मी तुम्हाला काय म्हणेन, सांगता येत नाही."

"म्हणा," रंगारी म्हणाला, आणि पुढचा नंबर फिरवला.